सारोळीच्या पुठ्ठ्यावरचा भोवरा

"हात काढ! काढ म्हंतो ना हात, न्हाईतर मनगटात नाल ठोकीन!"

ही आरोळी माझ्या कानापासून वीतभर अंतरावर उठली. माझा हात माऊसवर होता आणि समोर पडद्यावर एक तपकिरी शिंगरू उभं होतं. त्याच्याखाली 'विका' अशा अर्थाचं इंग्रजी बटण होतं, आणि ते मी दाबणार होतो. आरोळीने बाहेर एसटी स्टँडवर वेल्ह्याच्या गाडीच्या कंडक्टरने गाडीत कुणी नसताना डबल बेल दिली. बारावीचा निकाल बघायला आलेली एक मुलगी हमसून हमसून रडायला लागली. निकाल अजून उघडलासुद्धा नव्हता.

"चाचा, अहो ह्याला वेग नाही. आकडा बघा तरी," मी म्हणालो.

"आकडं मटक्याच्या चिठ्ठीत बी असत्यात. त्याची आजी कोण ते बघितलंस का? आजी बघ, आजी! लेका, आजी बघितल्याबिगर कुणी नातवाला इकतं का?"

ज्या आजीला मी बघावं असं त्यांचं म्हणणं होतं, तिला हाड नव्हतं, मांस नव्हतं, लीद तर नव्हतीच. ती परदेशातल्या कुठल्याशा कॉम्प्युटरमध्ये राहत होती आणि भोरला फक्त फोनच्या तारेतून यायची, तीही पाऊस नसेल तर. पण दाऊदचाचा नालबंदांना हा फरक महत्त्वाचा वाटला नाही. घोडी ती घोडी. आजी ती आजी.

दाऊदचाचांना ज्यांनी पाहिलं नाही त्यांना काय सांगावं? उंची दारात वाकावं लागेल इतकी, मिशा दारात आडव्या अडकतील इतक्या, आणि आवाज असा की भोरला शिंकले तर कापूरहोळच्या ढाब्यावरचा तंदूर विझायचा. त्यांचे आजोबा संस्थानच्या पागेत घोड्यांना नाल ठोकत. पुढे संस्थान गेलं, पागा गेली, घोडे गेले. आडनाव तेवढं मागे राहिलं. चाचा बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकून पोट भरत. वेल्ह्याकडचे, मावळातले शेतकरी बैल घेऊन त्यांच्याकडे येत. मग ट्रॅक्टर आले आणि बैलही कमी झाले. अस्सल घोडा म्हणून त्यांच्या वाट्याला वर्षातून एखादा वरातीचा घोडा यायचा, तोही असा की नाल ठोकताना चाचांनीच त्याला धरून उभं करायचं.

पण नजर! नजर पागेतलीच राहिली होती. चाचा माणसाकडे माणूस म्हणून बघतच नसत. कुणाची तरी अवलाद म्हणून बघत. भोंगवलीचा एक शेतकरी नवा बैल दाखवायला आला, तर चाचांनी बैलाला एक फेरी मारली आणि शेतकऱ्याला दोन. मग शेतकऱ्याला 'आ' करायला लावलं, त्याचे दात बघितले आणि म्हणाले, "बैल दहा वर्सं चालंल. तू जरा औषधपाणी बघ." शेतकरी तीन दिवस जेवला नाही म्हणतात. बैल मात्र जेवला.

माझी-त्यांची पहिली भेट अशीच. दोन हजार दोन-तीनचा सुमार असेल. स्टँडसमोरच्या गाळ्यात मी तीन कॉम्प्युटर टाकून सायबर कॅफे काढला होता. अख्खं भोर कॉम्प्युटर बघायला येऊन गेलं. चाचा आले ते दारात उभे राहून माझे पाय बघत बसले.

"मास्तरांचा नातू तू. दिगू."

"कसं ओळखलंत?"

"डावी चप्पल घासती तुजी. आजा बी डावा पाय वढायचा. बापाचा सरळ व्हता, पर नातवात उतरलं बघ. रगात एक पिढी झोपतं, मरत न्हाई."

मी त्या दिवशी घरी जाऊन घरातल्या सगळ्या डाव्या चपला उलट्या करून पाहिल्या. खरं निघालं.

आता हा माणूस कॉम्प्युटरच्या घोड्यांत कसा शिरला? उन्हाने. वैशाखात दुपारी पंख्याखाली बसायला ते माझ्याकडे येत. एकदा मी तीन नंबरच्या मशीनवर एक खेळ लावला होता. शर्यतीचे घोडे पैदा करायचे, असा तो खेळ. तुम्हांला एक घोडी मिळते. तिला जगभरातल्या कुणाचाही घोडा नवरा म्हणून बघायचा. त्या परक्या घोड्याचं चित्र दिसत नाही, नाव आणि आकडे तेवढे दिसतात. जोड लावली की अकराव्या दिवशी शिंगरू होतं आणि मग त्याचं मोठं चित्र समोर येतं. शिंगरात थोडं आईचं उतरतं, थोडं बापाचं: वेग, दम, रंग, स्वभाव. आणि मधूनच, आईबापांत कुठंच नसलेलं एखादं लक्षण आजीकडून टपकतं.

हे शेवटचं मी सहज सांगितलं. चाचांनी चप्पल दाराबाहेर काढली, आत आले आणि स्टुलावर बसले.

"म्हंजे ज्यानं ह्यो खेळ केला त्याला कळतंय," ते म्हणाले. "माणूस खानदानी हाय."

त्या दिवसापासून तीन नंबर चाचांचा झाला. घोडीचं नाव ठेवलं 'सारोळी'. लहानपणी सारोळ्याला नीरेच्या पुलावर त्यांनी एक घोडी पाहिली होती, तिच्यावरून. तिच्याबद्दल विचारलं की एवढंच म्हणत, "तिच्यापुढं वारा चालत जायचा." म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. काही गोष्टी समजून घेतल्या की लहान होतात.

रविवारी शर्यत असे. त्यात घोडे पळताना दिसायचे नाहीत. फक्त इंग्रजीत एकेक ओळ यायची. मी ती मराठीत वाचायची आणि चाचांनी स्टुलावर मांड ठोकून, हातात कीबोर्डची वायर लगामासारखी धरून पळायचं. मी 'सारोळी सहावी' म्हटलं की टाच मारायचे. 'चौथी' म्हटलं की पुढे झुकायचे. एका रविवारी सारोळी दुसरी आली आणि स्टुलाचे तीन पाय मोडले. चौथा पाय शेजारच्या बाळूच्या सलूनमध्ये सापडला.

नवरा बघायची वेळ आली की मात्र मी घामाघूम व्हायचो. एका गोऱ्या बाईकडे एक नामांकित घोडा होता. आकडे झकास. चाचा म्हणाले, "आधी पत्र लिव."

"काय लिहू?"

"लिव की, बाईसाहेबांना सलाम. घोडा आवडला. पर त्याची आई लाथा मारती का? खाण्याला खोडकर हाय का? आन् आजी कशानं गेली?"

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. त्यात फक्त हसणारा एक गोल पिवळा चेहरा होता.

चाचांनी तो चेहरा बराच वेळ बघितला. "हसती. उत्तर देत न्हाई, नुसती हसती. म्हंजे आई लाथा मारती. नको. दुसरं स्थळ बघ."

ही सगळी गंमत चालू असताना एक दिवस सारोळीला पहिली शिंगी झाली, म्हणजे मादी शिंगरू. मोठं चित्र आलं. चाचा वाकले, चष्मा वर केला, खाली केला.

"ह्ये बघ. पुठ्ठ्यावर."

मी बघितलं. घोडीच्या मागच्या भागावर, शेपटीच्या जरा पुढे, मसुराएवढा एक काळपट ठिपका होता. नीट बघितलं तर त्यात बारीक गोल गोल रेषा होत्या.

"भोवरा!" चाचा कुजबुजले. म्हणजे ते शेजारच्या दुकानापर्यंतच ऐकू गेलं. "आईला बघ. सारोळीला लाव."

सारोळी लावली. तिलाही तिथंच भोवरा. वीत सुटली नाही, बोट सुटलं नाही.

जनावराच्या अंगावर केस जिथं गोल फिरतात तो भोवरा. चाचांच्या घराण्यात ह्या भोवऱ्यांची अख्खी पोथी तोंडपाठ होती: कपाळावरचा काय सांगतो, गळ्यावरचा काय सांगतो. आणि त्या पोथीप्रमाणे पुठ्ठ्यावरचा भोवरा म्हणजे अडेल जनावर. ऐन वेळेला चार पाय रोवून उभं राहणार. मग चाबूक मारा, गूळ दाखवा, पाया पडा, हलणार नाही.

"म्हनून सारोळी दुसरी येती. पयली येत न्हाई," चाचा म्हणाले. "शेवटच्या वळणावर अडती ती."

मग सुरू झाली भोवरा घालवायची मोहीम. इंग्लंडातला घोडा आणला. शिंगरू झालं, भोवरा जागच्या जागी. ऑस्ट्रेलियातला आणला. भोवरा जागच्या जागी. रंग बदलले, कुणी काळं झालं, कुणी पांढरं, पण पांढऱ्यावर तर तो जास्तच उठून दिसला. चौथी पिढी, पाचवी पिढी. अकरा अकरा दिवस वाट बघायची आणि अकराव्या दिवशी तोच मसूर तिथंच. चाचा एकीकडून हताश, दुसरीकडून खूश. कारण त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं सातासमुद्रापलीकडच्या यंत्राने पाच वेळा सही करून दिलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तीन नंबरसमोर उभं करत आणि सांगत, "बघा. रगात. इलायतेतनं नवरे आणले, काय फरक न्हाई."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग ह्या भोवऱ्यात त्यांची मुलगी सापडली.

नसीम त्यांची एकुलती एक. माझ्या गाळ्याच्या बाजूला तिचं शिवणकाम होतं. बोलायला बापासारखी मोठ्याने नाही, पण बोलली की बापाला गप्प करणारी सगळ्या भोरात तीच. तिला कापूरहोळच्या रफीकचं स्थळ आलं होतं, म्हणजे तिनेच ते येईल अशी व्यवस्था केली होती. रफीक टेम्पो चालवायचा, भाजी पोचवायचा. निर्व्यसनी, कामसू. नाव ठेवायला जागा नाही. चाचांनी मात्र जागा शोधली, तीन पिढ्या मागे जाऊन.

"अडेल घराणं हाय त्ये," ते मला सांगू लागले. "पोराचा आजा सोताच्या निकाहात अडला. काजींनी इचारलं, कबूल हाय का? ह्यो गप. परत इचारलं, गप. सरबत आणलं, ते प्याला, मंग म्हणाला कबूल. बाप? कापूरहोळच्या फाट्यावर एका डायव्हरनं म्हणलं, म्हातारबा, मागं सरका. सरकला न्हाई. सकाळधरनं दिवस मावळेपत्तूर हुबा. गाड्या कडंनं गेल्या."

"आणि रफीक?"

"तिसरीत मास्तरांनी बाकावर हुबा केला. शाळा सुटली, मास्तर घरी गेलं, शिपायानं कुलूप लावलं, ह्यो बाकावरच. बस म्हणाया कुणी राहिलं न्हवतं ना! तीन पिढ्या, दिगू. अशा दावणीला लेक बांधू?"

नसीम दारातच उभी होती. हातात बापाचा डबा.

"अब्बा, मी काय घोडी हाय का?"

"घोडी असतीस तर येवढं बघाया लागलं नसतं. घोडी माघारी आणता येती."

बाळूच्या सलूनमध्ये कुणीतरी हसलं. नसीम हसली नाही. तिने डबा ठेवला आणि तीन नंबरसमोर आली. चाचांनी लगेच तिला पाचही पिढ्या दाखवल्या, एकामागून एक. "ह्यो बघ. ह्यो बघ. पाच येळा नवा बाप आणला. भोवरा गेला? न्हाई गेला. मंग रफीकचा कसा जाईल?"

तिने पाचही चित्रं नीट बघितली. मग विचारलं, "आन् समजा, बिनभोवऱ्याचं शिंगरू झालं तर?"

"व्हणार न्हाई."

"पर झालं तर?"

"अगं, व्हणारच न्हाई तर..."

"झालं तर, अब्बा?"

चाचांनी इकडेतिकडे बघितलं. दारात बाळू उभा, त्याच्यामागे अर्ध्या दाढीचा साबण लावलेलं गिऱ्हाईक उभं, मी होतो, रेल्वेच्या भरतीचा फॉर्म भरणारे दोघं होते. एवढ्या माणसांपुढे मागे हटणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"तर म्या सोता साखर घिऊन कापूरहोळला जाईन. रफीकच्या बापाकडं. चालत!"

"मंग तोवर दुसरं स्थळ बघायचं न्हाई."

"न्हाई बघत."

"शब्द?"

"नालबंदाचा शब्द हाय. खिळा ठोकला की ठोकला."

नसीम निघून गेली. गणपतीच्या आधीची ही गोष्ट. आणि तेव्हापासून मला चाचांची एक वेगळीच तऱ्हा दिसायला लागली. वरवर म्हणत, भोवरा जाणार नाही. पण नवरे बघायला बसले की आता वेग नाही, दम नाही, फक्त एकच विचारत: "दिगू, स्वभाव शांत हाय का लिवलंय का? अडणारा न्हाई ना? नीट वाच लेका, नीट वाच." एकदा तर जोड लावायच्या आधी त्यांनी पडद्याकडे बघून हळूच म्हटलं, "सारोळे, येकदा तरी ऐक माजं." हा माणूस पैज हरायला बघत होता आणि त्याला हरताच येत नव्हतं.

एकेक स्थळ नाकारता नाकारता महिना गेला आणि मग शेवटची जोड लागली. हिशोब केला तर सहाव्या पिढीचं शिंगरू दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होणार होतं.

आता माझा गुन्हा. माझा कॅफे वर्षातून एकदाच पुसला जायचा, खंडेनवमीला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला यंत्रांची पूजा असायची ना. एरवी धूळ झटकायची ती गिऱ्हाइकांच्या बाह्यांनी. तर मी ओलं फडकं घेतलं आणि तिन्ही मशीनच्या काचा घासून घासून चकचकीत करत होतो. आई झेंडूच्या माळा ओवत बसली होती. मी तीन नंबर पुसायला घेतला तशी आई डोकावली.

"अगो बाई! गेल्या वर्षीचं माझं बोट अजून इथंच आहे की रे!"

"कुठलं बोट?"

"हे काय. पूजेला कुंकवाचं बोट लावलं होतं मी ह्या काचेला. वाळून काळं झालंय, पण ठसा बघ कसा शाबूत आहे. रेषासुद्धा दिसताहेत."

आणि माझ्या हाताने, माझ्या डोळ्यांदेखत, फडक्याच्या एका फराट्यात, सारोळी घराण्याचा पाच पिढ्यांचा भोवरा पुसला गेला.

मला तेव्हा उमगलं. घोड्याचं मोठं चित्र पडद्यावर नेहमी एकाच जागी यायचं. आईचं बोट पण एकाच जागी होतं. कुठलंही शिंगरू येवो, बाप इंग्लंडचा असो की ऑस्ट्रेलियाचा, त्याचा पुठ्ठा बरोबर आईच्या बोटाखाली!

रात्रभर मला झोप आली नाही. सांगावं, तर चाचांचं काय? ज्या नजरेवर वेल्ह्यापासून सारोळ्यापर्यंत लोक बैल घेत होते, ती नजर इतके महिने कुंकवाचं बोट बघत होती, हे कळलं तर लोक त्यांना स्टँडवरून चालू देणार नाहीत. न सांगावं, तर उद्याचं शिंगरू बिनभोवऱ्याचं होणार, आणि तो कौल रक्ताचा नाही, फडक्याचा. मग मला वाटलं, ठिपका परत लावून टाकावा. दसऱ्याला आईने कॉम्प्युटरच्या डब्यांना कुंकू लावलं तेव्हा मी हळूच बोट बुडवलं आणि काचेपाशी नेलं. पण थबकलो. एक तर माझ्या बोटाच्या रेषा वेगळ्या. चाचांनी लगेच विचारलं असतं, हा भोवरा कुठल्या घराण्याचा? आणि दुसरं म्हणजे ह्या एका बोटाने नसीमचं लग्न मोडलं असतं. मी बोट धुऊन टाकलं. दोनदा धुतलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच गर्दी. बाळूने सलून बंद ठेवलं होतं. चाचा नवीन पांढऱ्या लेंग्यात, कडक सदऱ्यात, स्टुलावर. नसीम दाराला टेकून. मी मशीन चालू केलं. तार जोडली जाताना जो किरकिर आवाज यायचा, तो त्या दिवशी इतका लांबला की मला वाटलं, शिंगरू तिकडून चालत येतंय.

चित्र वरून खाली उतरू लागलं. कान आले. मान आली. पाठ आली. पुठ्ठा आला.

लख्ख.

"न्हाई!" चाचा ओरडले. "भोवरा न्हाई! दिगू, न्हाई ना रं? बाळू, तू बघ! न्हाई!" आणि त्यांनी अशी किंकाळी फोडली की स्टँडवर उभी असलेली स्वारगेटची गाडी आपोआप चालू झाली. डायव्हर धावत सुटला. चाचा रडत होते, हसत होते, बाळूच्या पाठीवर थापा मारत होते. बाळू पुढे आठवडाभर वाकून दाढ्या करत होता.

पण पागेतली नजर ती. आनंद थोडा ओसरला तशी जागी झाली.

"थांब," ते म्हणाले. "आईला बघू. आईचा केवडा हाय अन् ह्याचा कसा गेला, ते ताडून बघू."

मी माऊस मागे ओढला. "राहू द्या ना चाचा, आता झालं ना..."

"आई लाव."

लावली. भोवरा नाही.

"आजी लाव."

आजीलाही नाही. पणजी नाही. सारोळी लावली. मूळ सारोळी, सगळ्या घराण्याची मालकीण, पुठ्ठा आरशासारखा.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग काचेकडे. मग कॉम्प्युटरच्या डब्यावर वाळत टाकलेल्या फडक्याकडे, त्याच्यावर एक फिकट लाल डाग होता. मग डब्यावर आईने नव्याने लावलेल्या कुंकवाच्या बोटाकडे. ते बोट त्यांनी वाकून बघितलं, रेषांसकट. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा लहान झालेला दिसला.

मागून बाळूने विचारलं, "चाचा, पर आईचा, आजीचा कसा काय गेला? ते तर आधीच जल्माला आलेत की."

मी डोळे मिटून घेतले.

चाचा उठले. छाती भरून घेतली. मिशीवरून हात फिरवला. आणि नसीमकडे बघत, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"त्येच तर! येड्यांनो, त्येच तर! लेकरू चांगलं निघालं की आईची खोड धुऊन जाती, आजीची जाती, वर सात पिढ्यांपत्तूर साफ व्हतं! रगात निस्तं खाली वाहत न्हाई, वर बी चढतं! ह्ये तुमाला कुणी सांगितलं न्हवतं, म्या सांगतो!"

बाळूने मान डोलावली. बाळूला कुठलीही गोष्ट मोठ्याने सांगितली की पटायची. हे नवं शास्त्र महिनाभरात तालुक्यात पसरलं. आमच्याकडे कित्येक वर्षं साखरपुड्यात कुणी घराण्याचं जुनं काही उकरलं की एखादा म्हातारा म्हणायचा, पोरं चांगली निघाली की वरचं धुऊन जातं. त्यावर कितीतरी लग्नं निभावली.

लोक पांगले तसा मी चाचांना बाजूला घेतलं. "चाचा, मला तुम्हांला एक सांगायचंय. तो भोवरा..."

"दिगू," ते म्हणाले, आणि ह्या वेळी खरोखरच हळू आवाजात, "जातिवंत माणूस शब्द मागं घेत न्हाई. आन् जातिवंत दुकानदार तोंड उघडत न्हाई."

ते त्याच पावली साखर घेऊन कापूरहोळला निघाले. चालत. वाटेत एसटी थांबली, जीप थांबली, एक उसाची ट्रॉली थांबली. सगळ्यांना त्यांनी हाकलून लावलं. "चालत जायाचा शब्द दिलाय!" पुडीला मागे भोक पडलं होतं. भोर ते कापूरहोळ मुंग्यांची एकच रांग लागली होती आणि ती पुढे दोन दिवस उठली नाही. पोचले तेव्हा पुडीत मूठभरच साखर राहिली होती. रफीकच्या बापाने ती बघितली, तीन कप चहा होईपर्यंत एक शब्द बोलला नाही आणि मग म्हणाला, "बरं."

लग्न झालं. झकास झालं. रफीक कुठंही अडला नाही. काजींचा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच कबूल म्हणाला, म्हणून त्याला परत विचारावं लागलं.

काही वर्षांनी तो खेळ बंद पडला. पान उघडलं तर नुसतं पांढरं. चाचा स्टुलावर बसून त्या पांढऱ्याकडे बघत राहिले.

"घोडी कुठं गेली सगळी?"

"खेळ बंद झाला, चाचा."

"बाजार उठला म्हण की," ते म्हणाले आणि चप्पल घालून घरी गेले. नंतर पंख्याखाली यायचे, पण तीन नंबरकडे पाठ करून बसायचे. त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, बैलाला पत्री ठोकता ठोकता, हातात हातोडा तसाच ठेवून ते गेले. बैल जागचा हलला नाही. बैलाचा वेल्ह्याचा मालक सांगतो, लोक येईपर्यंत बैलाने उचललेला पाय खाली टेकवला नव्हता. मी अतिशयोक्ती करतो असं लोक म्हणतात, पण हे माझं नाही, त्याचं आहे.

चाचांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी कापूरहोळला नसीमला भेटायला गेलो. मशीनवर बसून ती कुणाच्या तरी गणवेशाला बाही लावत होती. चहा झाला, चाचांच्या गोष्टी झाल्या, ती हसली, रडली. शेवटी मला राहवलं नाही.

"नसीम, एक सांगायचं राहिलंय. तो भोवरा घोडीला नव्हताच. काचेवर होता. आमच्या आईचं कुंकवाचं बोट होतं ते. मी खंडेनवमीला पुसलं."

तिचं मशीन थांबलं नाही.

"ठाव हाय मला, दिगूभाऊ. अब्बांनी दाखवलं त्याच दिशी दिसलं. मान इकडंतिकडं केली की ठिपका घोडीवरनं सरकायचा. आन् तू काच दसऱ्यालाच पुसतोस, ह्ये तर सगळ्या भोरला ठाव."

"मग त्याच दिवशी नखाने खरवडून का नाही टाकलास? दसऱ्यापर्यंत कशाला थांबलीस?"

तिने बाही उलटी केली आणि दाताने दोरा तोडला.

"लग्नाची कापडं शिवायची व्हती," ती म्हणाली.